रणांतून परतलेल्या अंतःकरणाची जखम
(महोत्सवाच्या सभेंत वाचलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या सभेंत वक्त्यानें पूर्वजांचे उपकार स्मरावे, देवळाच्या कोनशिलेपासून घंटेपर्यंतचा वृत्तांत सांगावा आणि श्रोत्यांस आनंदित करून खालीं बसावें, अशी आपली जुनी रीत आहे. ती पार पाडणारे माझ्याहून अधिकारी वक्ते या व्यासपीठावर आहेत. चालकांनीं मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तिचा लाभ घेऊन मी असा विषय आपणांपुढें मांडतों कीं, जो दर रविवारीं देवळांत शेवटच्या बाकावर बसलेला असतो आणि ज्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. देहानें रणांतून सुखरूप परतलेला, परंतु अंतःकरणानें अद्याप न परतलेला सैनिक, हा तो विषय होय.

नागपूरकरांस हा विषय परका म्हणतां यावयाचा नाहीं. कामठीची छावणी १८२१ सालची. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ सालीं स्थापन झाला. म्हणजे या प्रदेशांत महागुरुस्वामींचें आसन मांडलें जाण्यापूर्वीं दोन पिढ्या येथें बिगूल वाजत होतें. महार रेजिमेंटांत विदर्भांतील किती घराण्यांचे तरुण गेले याची गणती ज्याच्या त्याच्या गांवीं आहे. आणि त्याच कामठींत आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पलटणीचें केंद्र आहे. या पलटणींतील एका ख्रिस्ती वीराची हकीकत प्रथम सांगतों, कारण माझा मुद्दा तिच्यावांचून स्पष्ट व्हावयाचा नाहीं.

१९७१ च्या युद्धांत, ३ डिसेंबरच्या रात्रीं, आगरतळ्याच्या बाजूस गंगासागर येथें चौदाव्या गार्ड्स बटालियननें शत्रूच्या ठाण्यावर चाल केली. तींत लान्स नायक आल्बर्ट एक्का हा गुमला भागांतील ख्रिस्ती उराव घराण्यांतला जवान होता. शत्रूच्या एका मशीनगनच्या माऱ्यानें आपले सोबती पडत आहेत असें पाहून तो थेट त्या मोर्च्यावर धांवून गेला, दोघांस त्यानें संगिनीनें ठार केलें आणि ती तोफ बंद पाडली. स्वतः जबर जखमी झाला असतांहि तो पुढें सरकत राहिला. पुढें एका इमारतींतून दुसरी मशीनगन सुरू झाली; तिच्यापाशीं तो रांगत पोंचला, हातगोळा टाकला, आणि तरीहि ती थांबेना तेव्हां आंत शिरून गोलंदाजास संगिनीनें मारलें. नंतर त्यानें प्राण सोडला. त्या युद्धांत पूर्व आघाडीवर परमवीरचक्र मिळालेला तो एकटाच. २००० सालीं त्याच्या नांवें टपालाचें तिकीटहि निघालें.

आतां मी आपणांस विचारतों: एक्का जगला असता तर? त्याच्या मनांत काय आलें असतें हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. वीराच्या तोंडीं कल्पित शब्द घालणें मला प्रशस्तहि वाटत नाहीं. परंतु संगीन हें असें हत्यार आहे कीं, मारणारा आणि मरणारा यांच्यामध्यें त्यानें हातभर अंतर देखील राहत नाहीं. चेहरा दिसतो. श्वास ऐकूं येतो. असें कृत्य करून जे जिवंत परत आले, त्यांच्या नांवें तिकीट निघालें नाहीं. ते निवृत्तिवेतन घेऊन गांवीं आले, कोणी रेल्वेंत लागले, कोणी बँकेच्या दारावर पहारेकरी झाले, आणि पुढचीं चाळीस पन्नास वर्षें तो चेहरा घेऊन जगले. मृत वीरास आपण स्मारक देतों. जिवंतास काय देतों?

भयानें होणारी जखम आणि विवेकास होणारी जखम या दोन वस्तु भिन्न आहेत, हें येथें नीट समजून घेतलें पाहिजे. ज्याचें भय गेलेलें नाहीं तो मनुष्य फटाका वाजतांच दचकतो, भिंतीस पाठ लावून बसतो, रात्रीं ओरडून उठतो. पहिल्या महायुद्धांत डॉक्टरांनीं त्यास शेलशॉक म्हटलें. आज त्यास दुसरें नांव आहे आणि त्यावर औषधोपचारहि आहेत. परंतु कित्येक निवृत्त सैनिक असे असतात कीं, जे फटाक्यास भीत नाहींत. ते नातवास मांडीवर घेत नाहींत. या हातांनीं त्या लेंकरास शिवूं नये असें त्यांस वाटतें. आपणांवर काय ओढवलें याचें त्यांस दुःख नसतें. आपल्या हातून काय झालें, किंवा डोळ्यांदेखत काय होऊं दिलें, याचें असतें. बोस्टन येथें व्हिएतनामच्या युद्धांतून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर जोनाथन शे यांनीं १९९४ सालीं आपल्या ग्रंथांत या वेदनेचें निदान मांडलें. होमरच्या महाकाव्यांतील अकिलीझचा संताप आणि आपल्या रोग्यांचा संताप हे त्यांस एकाच जातीचे दिसले: ज्यांच्यावर विश्वास ठेवावा त्या वरिष्ठांनींच न्यायाची मर्यादा मोडली, हें त्याचें मूळ. पुढें २००९ सालीं ब्रेट लिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या व्याख्येंत मनुष्यानें स्वतः केलेलें, न रोखलेलें आणि पाहिलेलें कृत्यहि आणलें. इंग्रजींत यास मॉरल इंज्युरी म्हणतात. मी यास विवेकाची जखम म्हणेन.

आपल्या देशांतील उदाहरण पाहिजे असेल तर श्रीलंकेकडे पहा. १९८७ च्या जुलैंत आपलें सैन्य तेथें शांतिसेना या नांवानें गेलें, आणि ऑक्टोबरांत जाफन्याच्या गल्लीबोळांतून युद्ध करूं लागलें. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तेथेंच २५ नोव्हेंबर १९८७ रोजीं पडले व परमवीरचक्राचे मानकरी झाले. एकंदर अकराशेंहून अधिक जवान कामास आले. शत्रूस गणवेश नव्हता. लुंगी नेसलेला मनुष्य शेतकरी कीं सुरुंग पेरणारा, हें क्षणांत ठरवावें लागे, आणि तो निर्णय चुकला तर त्यास दुरुस्ती नसे. मार्च १९९० मध्यें शेवटच्या तुकड्या मद्रास बंदरीं उतरल्या तेव्हां तेथील मुख्यमंत्री स्वागतास गेले नाहींत. त्यांचीं राजकीय कारणें असतील; परंतु नांव शांतीचें, काम युद्धाचें आणि स्वागत कोणाचेंच नाहीं, अशा स्थितींत जो शिपाई गाडींत बसून दोन दिवसांत घरीं आला, त्याच्या विवेकावर घाव पडला तर नवल काय? जुन्या करारांतील गणनेच्या पुस्तकांत लढाईहून आलेल्या इस्राएली सैनिकांस सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध होण्याची आज्ञा आहे. आपल्या शिपायास स्टेशनावरून तडक स्वयंपाकघरांत आणून बसवितों, आणि दुसऱ्या दिवशीं शेजारी विचारतात: किती मारले?

हा प्रश्न विचारणारे लोक दुष्ट नसतात. ते कौतुकानें विचारतात. कौतुकाचेंच मला भय वाटतें. २६ जानेवारीला आपण त्या मनुष्यास व्यासपीठावर बोलावतों, हार घालतों, टाळ्या वाजवितों. आणि त्याच क्षणीं त्याचें तोंड बंद करतों. कारण ज्यास सर्वांनीं वीर म्हटलें, त्यानें कोणत्या तोंडानें म्हणावें कीं, मला त्या दिवसाची लाज वाटते? दुसरीकडे, कोणी दयाळू मनुष्य त्यास म्हणतो: तुमचा कांहीं दोष नाहीं, तुम्हीं आज्ञा पाळली, विसरून जा. हेंहि तोंड बंद करणेंच आहे. तो काय सांगणार आहे तें न ऐकतांच आपण त्यास निर्दोष ठरविलें, मग त्यानें सांगावें तरी कशास? आपलें ख्रिस्तसभेचें शिक्षणहि इतकें सोपें नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६५ सालीं देशाच्या रक्षणासाठीं प्रामाणिकपणें झटणाऱ्या सैनिकास शांतीचा सेवक मानलें. आणि त्याच लेखांत असेंहि बजावलें कीं, घोर अन्यायाच्या आज्ञा पाळणाऱ्यास आज्ञाधारकपणाची सबब चालणार नाहीं. दोन्ही गोष्टी सैनिकास आपल्याआधीं ठाऊक असतात.

आतां शेवटच्या बाकाकडे येतों. असा मनुष्य पुष्कळ धर्मग्रामांत सांपडेल, जो मिस्सेस नेमानें येतो, परंतु ख्रिस्तप्रसादाच्या वेळीं उठत नाहीं. लोक म्हणतात, याचें लग्न नीट झालें नसेल, किंवा हा दारू पीत असेल. दारू पीतहि असेल; परंतु ती कां, हें कोणी विचारीत नाहीं. मला वाटतें, यांपैकीं कांहीं जणांनीं स्वतःवर अशी शिक्षा लादून घेतली आहे, जी चौथ्या शतकांत ख्रिस्तसभेच्या एका थोर आचार्यानें सांगितली होती.

कैसरियाचे महागुरु संत बाझिल यांनीं इकोनियमचे महागुरु आम्फिलोखियस यांस लिहिलेल्या पत्रांत युद्धांत मनुष्यवध करणाऱ्यांचा प्रश्न आहे. बाझिल म्हणतात कीं, आपल्या पूर्वजांनीं युद्धांतील वधास खून गणलें नाहीं; तथापि ज्यांचे हात शुद्ध नाहींत त्यांनीं तीन वर्षें ख्रिस्तप्रसादापासून दूर रहावें, असा सल्ला देणें बरें. ही व्यवस्था प्रथम वाचतां कठोर वाटते. परंतु विचार करा, तिनें काय साधलें? खून नव्हे असें सांगून तिनें सैनिकास गुन्हेगारांच्या रांगेंतून काढलें, आणि तरीहि कांहींच घडलें नाहीं असें म्हटलें नाहीं. मनुष्याचा जीव गेला आहे, त्याचा भार हातावर आहे, हें तिनें मान्य केलें. मुख्य गोष्ट ही कीं, तीन वर्षांनंतर ती संपत असे. वेदीपाशीं परत येण्याचा दिवस ठरलेला होता आणि सारी मंडळी त्यास परत येतांना पाही. आपल्या शेवटच्या बाकावरच्या मनुष्यानेंहि तीच शिक्षा घेतली आहे, पण त्याचीं तीन वर्षें संपत नाहींत. तीस झालीं, चाळीस झालीं, कारण ती शिक्षा त्यास कोणी दिली नाहीं आणि म्हणून ती संपली असें सांगणाराहि कोणी नाहीं.

१०६६ सालीं हेस्टिंग्जची लढाई झाल्यावर नॉर्मंडीच्या महागुरूंनीं विजयी सैन्यास प्रायश्चित्त ठरवून दिलें. विजयी सैन्यास, हें ध्यानांत ठेवा. पोपमहाशयांची ज्या स्वारीस संमति होती त्या स्वारीच्या सैन्यास. ठार केलेल्या प्रत्येक मनुष्यामागें एक वर्ष. जखमी केलेला मेला कीं वांचला हें ठाऊक नसेल तर त्यामागें चाळीस दिवस. आणि किती मारले याची गणती ज्यास नाहीं, त्यानें आयुष्यभर आठवड्यांतून एक दिवस प्रायश्चित्त करावें, किंवा देऊळ बांधून अगर त्यास नेमणूक देऊन तें पुरें करावें. धनुर्धाऱ्यांचा बाण कोणास लागला हें त्यांस कळत नाहीं, म्हणून त्यांची व्यवस्था निराळी. या हिशेबी वृत्तीस आज कोणी हंसेल. पण गणती ठाऊक नसलेल्या मनुष्याची आठवण ठेवणारा तो नियम ज्यानें लिहिला, त्यानें सैनिकांच्या मुखांतून पुष्कळ ऐकलें असलें पाहिजे. हे नियम पुन्हां लागू करावे असें माझें म्हणणें नाहीं. घायाळास वेदीपासून दूर लोटणें आज क्रूरपणा होईल. परंतु त्यांच्यामागें जें शहाणपण होतें, म्हणजे ऐकणें, भार मान्य करणें, कांहीं करावयास देणें आणि शेवट ठरविणें, तें आपण कोठें ठेवून विसरलों?

आपल्या देशाच्या परंपरेसहि हें दुःख ठाऊक आहे. कुरुक्षेत्र जिंकल्यावर युधिष्ठिरास सिंहासन नको झालें, वनांत जावेंसें वाटलें. आणि महाभारतकारांनीं त्याच्या सांत्वनार्थ शांतिपर्वासारखें प्रचंड पर्व खर्ची घातलें. त्यास कोणी दोन वाक्यांत गप्प केलें नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आपल्याकडे पापनिवेदनाचा संस्कार आहे, मग आणखी काय पाहिजे? संस्काराची थोरवी मी कमी लेखीत नाहीं. धर्मगुरूच्या कानीं पडलेलें कोठेंहि जात नाहीं, हा भरंवसा सैनिकास फार मोलाचा असतो. जें पत्नीस सांगवत नाहीं तें तेथें सांगतां येतें. परंतु दोन अडचणी आहेत. पहिली ही कीं, कित्येक प्रसंगीं पाप घडलेलेंच नसतें. गोळीबारांत मध्यें आलेलें मूल आपल्या गोळीनें मेलें, त्यांत इच्छा नव्हती. धर्मगुरु म्हणतात, हें पाप नव्हे. म्हणणें बरोबर आहे, पण मूल तर मेलेंच. अशा वेळीं क्षमेची नव्हे, शोकाची वाट मोकळी करून द्यावी लागते. दुसरी अडचण संत इग्नासच्या चरित्रांत दिसते. हा सेनानी १५२१ सालीं पांप्लोना येथें तोफेच्या गोळ्यानें जखमी झाला. पुढल्या वर्षीं माँसेरातच्या मठांत त्यानें तीन दिवस लागलेलें सर्व आयुष्याचें पापनिवेदन केलें आणि आपली तलवार मातेच्या वेदीपाशीं ठेवली. हें झाल्यावर तरी शांति मिळावी. परंतु मानरेसा येथें त्याच जुन्या पापांची शंका त्यास इतकी छळूं लागली कीं, पुनः पुन्हां पापनिवेदन करूनहि समाधान होईना आणि जीव देण्याचा विचार मनांत घोळूं लागला. जुन्या गोष्टी पुन्हां निवेदन करावयाच्या नाहींत असा निश्चय केल्यावर तो त्या फेऱ्यांतून सुटला. म्हणून धर्मगुरुजनांस माझी नम्र विनंती आहे: तोच सैनिक तेंच पाप घेऊन दर महिन्यास आला, तर त्यास केवळ क्षमेचें सूत्र ऐकवून पाठवूं नये. सावकाश बसवून घ्यावें, संस्काराबाहेर बोलतें करावें आणि जरूर तर डॉक्टरांकडे जाण्यास धीर द्यावा.

आपल्या नागपूरचें मुख्य देऊळ ज्यांच्या नांवाचें आहे, ते संत फ्रान्सिस द साल्स या कामीं उत्तम गुरु आहेत. १६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या भक्तिमार्गाच्या ग्रंथांत त्यांनीं स्वतःविषयीं सौम्य असण्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे. आपल्या दोषाबद्दल स्वतःवर संतापणें यास ते पश्चात्ताप मानीत नाहींत; रागानें केलेल्या ताडनापेक्षां शांत आणि ठाम खेदानें मन अधिक सुधारतें, असा त्यांचा अनुभव आहे. हें प्रकरण निवृत्त सैनिकाबरोबर बसून वाचण्यासारखें आहे.

हातांस काम मिळाल्यानें किती फरक पडतो याचें एक उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. ब्रिटिश विमानदलाचे लेनर्ड चेशायर यांनीं ९ ऑगस्ट १९४५ रोजीं नागासाकीवर पडलेला अणुबाँब विमानांतून निरीक्षक म्हणून पाहिला. ते आजारी व अपंग यांची सेवा करूं लागले, १९४८ च्या नाताळांत कॅथोलिक झाले, आणि १९५६ सालीं मुंबईस अंधेरी येथें त्यांच्या कार्याचें भारतांतील पहिलें घर उघडलें. त्या बाँबचें प्रायश्चित्त म्हणून हें केलें अशी जी कथा सांगतात ती त्यांस स्वतःस मान्य नव्हती, म्हणून मीहि ती सांगत नाहीं. रणांतून आलेल्या हातांनीं रोग्यांचे बिछाने घातले, इतकेंच म्हणतों. त्याच बाँबची दुसरी बाजू फादर जॉर्ज झबेल्का यांची. टिनियन बेटावर बाँब टाकणाऱ्या वैमानिकांचे ते कॅथोलिक धर्मगुरु होते. नागासाकींत उराकामीचें भव्य कॅथोलिक देऊळ आणि तेथील हजारों ख्रिस्ती जन जळाले. नागरिकांवर बाँब टाकणें पाप आहे असें आपण त्या मुलांस एकदांहि सांगितलें नाहीं, ही गोष्ट फादर झबेल्कांनीं पुढें उघड सभांतून सांगितली. सैनिकासच नव्हे, त्याच्या धर्मगुरूसहि ही जखम होते.

आतां व्यवहाराचें थोडकें. माजी सैनिकांसाठीं २००३ पासून सरकारची आरोग्ययोजना आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालय आहे. मनाच्या त्रासासाठीं टेलिमानसची दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मोफत मिळते. १ डिसेंबर २०२३ रोजीं पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयांत सैनिक व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठीं तिची स्वतंत्र शाखाहि उघडण्यांत आली. घरांतला कोणी मरणाची भाषा बोलूं लागला तर रविवारची वाट पाहूं नये. त्याच घटकेस डॉक्टर गांठावा, त्यास एकटें सोडूं नये आणि घरांत परवान्याची बंदूक असेल तर ती दूर करावी. पत्नींस माझें सांगणें इतकेंच कीं, त्यांनीं खोदून विचारूं नये, आणि तो बोलूं लागला तर हातांतलें काम बाजूस ठेवावें. ऐकतांना रडूं आलें तर येऊं द्यावें. पण असें बोलूं नका म्हणून त्यास थांबवूं नये.

धर्मग्रामानें करावयाची एक गोष्ट मात्र डॉक्टरांस किंवा सरकारास करतां येणार नाहीं. नोव्हेंबरांत आपण मृतांची यादी वेदीपाशीं ठेवतों. तींत आपलेच आईबाप, आपलेच पूर्वज असतात. माझी सूचना अशी आहे कीं, यंदा २ नोव्हेंबरच्या सप्ताहांत एक मिस्सा ज्यांस आपल्या माणसांनीं रणांत मारलें त्यांच्या आत्म्यांसाठीं अर्पण व्हावी. त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, म्हणून यादींत एक ओळ कोरी ठेवावी. ती कोणाची हें ज्यास ठाऊक आहे त्यानें पाहिजे तर पुढें येऊन मेणबत्ती लावावी, नाहीं तर बाकावरच बसून रहावें. कोणी त्याच्याकडे वळून पाहूं नये. ख्रिस्तप्रसादापूर्वीं आपण सर्व जण जें अपात्रतेचें वचन उच्चारतों, तें मूळचें एका शतपतीचें, म्हणजे सैनिकाचेंच आहे. त्या दिवशीं धर्मगुरूंनीं तेवढें सांगावें, आणि मग कोण उठतें तें पाहण्याची घाई करूं नये.

ही सूचना मी धर्मगुरुमहाराजांच्या हवालीं करतों आणि आपली रजा घेतों.